आढ्याला टांगलेला थोरला

मार्कंड्याजवळ वैनगंगा उत्तरेकडे वळते. एरवी दक्षिणेची वाट धरलेली ही नदी तेवढ्याच ठिकाणी मागं फिरते, म्हणून ती जागा पवित्र, असं महाशिवरात्रीच्या जत्रेत कोणीही सांगतं. मला लहानपणी हे सांगणारं कोणी नव्हतं. आमचं गाव नदीच्या वरच्या अंगाला. जत्रेच्या बैलगाड्या आमच्या दारावरून जात, आणि आमच्या घरातलं कोणी त्यांच्याकडे मान वर करून पाहत नसे. छप्पनच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीनं मार्कंड्याची वाट सोडली होती. त्याआधी जात होते तेव्हाही देवळात पाय नव्हताच. नदीच्या वाळूत उभं राहून दुरून शिखराला हात जोडायचे आणि परतायचं. अशा देवळाकडे पाठ फिरवण्यात आपण काही गमावलं असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

मी पत्रकांवर वाढले. बापाच्या पत्र्याच्या पेटीत त्यांचे गठ्ठे असत. हलक्या कागदाची, गुलाबी, पिवळी, कोपरे वाळवीनं खाल्लेली. बाप चौथीपर्यंत शिकलेला, हिवाळ्यात जंगलाच्या कूपात, म्हणजे तोडीला काढलेल्या पट्ट्यात, सागाचे लठ्ठे ओढायचा, बाकी वर्षभर दुसऱ्याच्या धानात राबायचा. पण दीक्षेच्या वर्धापनाला चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, गेला की मिठाईऐवजी पुस्तिका घेऊन यायचा. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर मी त्या मोठ्यानं वाचायची. शब्द कळायचे नाहीत, पण आवाज कुठे चढवायचा ते कळायचं. त्या आवाजानंच मला घडवलं. पुढं चांद्याच्या कॉलेजात गेले आणि आमच्या काही मुलामुलींच्या गटानं स्वतःच्या पुस्तिका काढायला सुरुवात केली, तेव्हा मला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

आमच्या घराची म्हणून एक गोष्ट होती. ती बाप सांगायचा, आणि ती सांगताना दम्यानं वाकलेला तो माणूस ताठ व्हायचा.

दीक्षेनंतर वस्तीतल्या लोकांनी घरचे देव टोपल्यात भरून वैनगंगेत नेऊन टाकले. आमच्या देव्हाऱ्यात पितळेचे टाक होते, एक खंडोबा होता, माता होती. ते सगळे मुकाट टोपल्यात गेले. राहिला थोरला. हा देव देव्हाऱ्यात बसत नसे. तो दगडाचा होता, आढ्याला अंबाडीच्या दोरीनं टांगलेला. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर चढून चढून नारळाएवढा झालेला. त्याचे नियम कडक होते. त्याला जमिनीवर ठेवायचं नाही. त्याचा स्पर्श भिंतीला होऊ द्यायचा नाही. दसऱ्याला त्याची दोरी बदलायची. पोरांनी त्याला झोका दिला की मार बसायचा. देव डोलला की घर डोलतं म्हणत. आणि वस्तीत कोणाची नवी भिंत उभी राहत असली की थोरल्याला उतरवून त्या भिंतीच्या कोपऱ्यावर दिवसभर टांगून ठेवायचं. देव भिंतीवर नजर ठेवतो. काम संपलं की त्याला गूळ दाखवायचा आणि परत आढ्याला.

माझा आजा टाक देताना रडला नाही. थोरल्याजवळ आल्यावर मात्र आडवा झाला.

"याले राहू दे गा," तो म्हणाला. "यानं आपलं काही खाल्लं नाई. ना कोंबडं मांगितलं, ना बकरं. टांगून राह्यला बापडा."

बाप तेव्हा विशीतला. "एक ठेवला का त्याच्यामांगं सारे परत येतीन," तो म्हणाला, आणि विळ्यानं दोरी कापली. थोरला टोपल्यात पडला तेव्हा टाकांवर आपटून असा आवाज झाला की आजानं कान झाकले.

ही गोष्ट विहारात सांगितली की लोक माना डोलवायचे. मीही डोलवायची. आजही मला ती गोष्ट खोटी वाटत नाही, लहानही वाटत नाही. ज्या देवांनी आपल्याला वाळूत उभं केलं त्यांचा एकही दगड घरात नको, असं ठरवून जुन्या आढ्याची दोरी कापायला जो हात लागतो तो सोपा नसतो.

गडचिरोली जिल्हा नवा नवा झाला होता, त्या सुमाराची गोष्ट. जिल्हा नवा म्हणून जिकडेतिकडे आपल्या भागाच्या जुन्या वैभवाविषयी भाषणं चालली होती. प्रत्येक भाषणात मार्कंडा. मी गटात म्हटलं, मार्कंड्यावर पुस्तिका आपण काढू. देवाची नाही, राजाचीही नाही. दगड कोणी फोडले, कोणी ओढले, कोणी चढवले, त्यांची.

बोलणं सोपं होतं. चांद्याच्या वाचनालयात मिळेल ते वाचलं. राजवटींबद्दल मिळालं, शैलीबद्दल मिळालं, वीज पडून शिखर ढासळलं आणि पुढं गोंड राजानं डागडुजी केली असं मिळालं. हजारेक वर्षांपूर्वी या नदीकाठी मोठं गाव असेल. यात्रेकरू असतील, त्यांना रांधून घालणारे असतील, नावाडी असतील. देवळामागून देऊळ उभं राहत असताना टाकीचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या थांबला नसेल. त्या आवाजात जन्मून त्यातच मेलेली माणसं असतील. त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. लोकांना विचारावं तर एकच उत्तर: दैत्यांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून काम अपुरं राहिलं. मला त्या कोंबड्याचा फार राग यायचा. माणसांचे हात कबूल करायचे नाहीत म्हणून दैत्य चालतात, कोंबडाही चालतो.

शेवटी जत्रेलाच जायचं ठरवलं. बापाला सांगितलं. तो म्हणाला, "लिवाले जाऊन राह्यली ना? जा मंग. हात जोडू नोको म्हंजे झालं."

माझी आत्याबाई, बापाची थोरली बहीण, ओसरीवर तांदूळ निवडत होती. ती लगेच म्हणाली, "मी येतो. मी काही लिवत नाई, पन मले जिलबी खायाची हाय."

"या वयात जत्रा?" बाप म्हणाला.

"मंग कोन्या वयात? पोरगी होती तवा वारूत उभं ठेवलं. आता तरी आतमंधी जाऊन पाह्यतो, कोन बसून राह्यला त."

मार्कंड्याला पोचल्यावर आत्याबाई सरळ देवळात गेली. कोणी अडवलं नाही. ती गाभाऱ्यापाशी थोडी थबकली, आत वाकून पाहिलं आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "अंधार हाय नुसता." तेवढ्यासाठी तिच्या आईबापानं जन्मभर वाळूतून हात जोडले होते.

मी मात्र हलू शकत नव्हते. पत्रकांत वाचलेलं देऊळ म्हणजे एक शब्द असतो, तो ठोकून काढता येतो. इथं दगडावर हत्ती चालत होते, बायका आरशात पाहत होत्या, एकीच्या तळपायातला काटा दुसरं कोणी काढत होतं. एकेका थरावर शेकडो आकृत्या. आणि ढासळलेले दगड आवारात पडलेले. खालच्या बाजूनं पाहिलं की टाकीचे घाव दिसायचे, कालचे वाटावेत असे ताजे. मला राग आणायचा होता. तो आला, पण त्याच्याबरोबर दुसरंही काही आलं, आणि त्यासाठी माझ्याकडे पत्रकातला शब्द नव्हता. ज्यानं हे केलं त्याला हे फार आवडत असलं पाहिजे, एवढंच मनात येत राहिलं.

बाहेर आलो. देवळापासून थोडं दूर, वाटेच्या कडेला, यात्रेकरूंसाठी एका खोलीची भिंत चढवणं चालू होतं. जत्रा आली तरी काम संपलं नव्हतं, म्हणून गवंडी घाईत होता. जिलबीचा पुडा हातात घेऊन आत्याबाई त्या भिंतीसमोर जी उभी राहिली ती हलेना.

"चाल ना, आत्याबाई."

"थांब वं."

गवंड्यानं भिंतीच्या माथ्यावरून दोरी सोडली होती. तिच्या टोकाला भिंत सरळ आहे का ते पाहायचा लोखंडी ओळंबा, भोवऱ्यासारखा. तो हलत होता, गवंडी एक डोळा मिटून तो थांबायची वाट पाहत होता. पोरगेलासा मजूर जवळून गेला तसा गवंडी खेकसला, "अबे, धक्का नोको देऊ! भिंतीले लागला त सारं गेलं."

आत्याबाईच्या हातातली जिलबी तशीच राहिली.

"बाई," ती मला म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला, "हा त थोरला होय."

गवंड्यानं ऐकलं. "कोन थोरला? बुढे, ओळंबा होय हा. देव तिकडं हाय, देवरात. तिकडं जाऊन पाया पड."

"आमच्या घरी होता," आत्याबाई म्हणाली. "आढ्याले टांगून. दगडाचा. भिंतीले लावू देत नोहते. जमिनीवर ठेवू देत नोहते."

गवंडी हसला. "मंग तुमच्या घरी कोनी गवंडी असन."

"नाई. आमी त महार होतो."

"मंग चोरला असन कोनाचा," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर खुशीत येऊन पुन्हा एक डोळा मिटला.

मी तिथंच त्या विटांच्या ढिगावर बसले. आत्याबाईला विचारत गेले, ती सांगत गेली. दसऱ्याला शेंदूर फार जाड झाला की तिची आई कोमट पाण्यानं थोडा खरवडायची. एकदा फारच खरवडला गेला. आत काळा, गुळगुळीत दगड होता, खाली निमुळता. वर आरपार छिद्र, त्यातूनच दोरी ओवलेली. छिद्राखाली काहीतरी कोरलेलं, पिंपळाच्या पानासारखं. आई घाबरली, लगेच नवा शेंदूर चढवला. देवाला उघडं पाहू नये म्हणून आत्याबाईचे डोळे झाकले, पण तिनं बोटांमधून पाहिलं होतं.

परतीच्या गाडीत ती जिलबी खात होती आणि मधूनच स्वतःशी हसत होती. "इमानदार होता बापडा," म्हणाली. "खरंच भिंतीवर नजर ठेवत होता."

मला हसू येत नव्हतं. आमच्या वस्तीला गावानं दिलेली कामं मला पाठ होती. मेलेली ढोरं ओढणं, सांगावे नेणं, सरणाची लाकडं फोडणं. आमच्या पूर्वजांना दुसरं काही येत होतं, असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. आम्हीही नव्हतं म्हटलं. आमच्या पत्रकांत आमच्यावर झालेला अन्याय होता, पण आमचं कसब नव्हतं. आणि ते तर घरातच होतं, आढ्याला. कधीतरी कोण्या पिढीत भिंत सरळ उभी करणं हे आमच्या हातातून गेलं किंवा काढून घेतलं गेलं, आणि हातात उरलं फक्त औजार. त्याचं काय करायचं हे विसरल्यावर लोकांनी त्याला शेंदूर फासला. पण त्याचे नियम तेवढे सांभाळले. भिंतीला लावायचं नाही, डोलवायचं नाही. देवाचे नियम म्हणून त्यांनी गवंड्याचे नियम जपले होते.

तो ओळंबा मार्कंड्याच्या देवळावर फिरला होता का? आजा म्हणायचा, आपले जुने लोक मार्कंड्याकडून वर आले. यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं. दगड हातात असता तर मी तो घेऊन त्या आवारात फिरले असते. एकेका दगडाखाली वाकून पिंपळाचं पान शोधलं असतं. सापडलं असतं किंवा नसतं. पण विचारता तरी आलं असतं.

बापाला सांगायचं नाही, असं मी आत्याबाईला वाटेतच बजावलं. दम्याचा माणूस, त्याच्याजवळ अभिमानानं सांगण्यासारखी गोष्ट एकच. ती त्याच्याकडून काढून घेऊन मी काय पुस्तिका छापणार होते? आत्याबाईनं मान डोलवली. आणि घरात पाय ठेवताच म्हणाली, "भाऊ, थोरला देव नोहता. ओळंबा होता. तू गवंड्याचा ओळंबा पान्यात टाकला."

मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "मंग?" ती म्हणाली. "त्याचा बी होता ना तो."

बापानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा फक्त विचारलं, "छिद्र होतं म्हनतेस?" मग उठून आढ्याखाली जाऊन उभा राहिला. दोरीनं पडलेली खाच लाकडात अजून होती. आमच्या लहानपणी ती कशाची, हे आम्ही विचारायचो आणि बाप हसून ती गोष्ट सांगायचा. त्या दिवशी तो खाचेकडे पाहत राहिला आणि काही सांगितलं नाही. पुढं विहारात कोणी ती गोष्ट सांग म्हटलं तरी तो दम्याचं निमित्त करू लागला.

वैशाखात नदी आटली. एका सकाळी तो काठी घेऊन तयार होऊन बसला. "चाल," म्हणाला. "जागा मले ठाव हाय."

आत्याबाई घरी राहिली. मी त्याला धरून घाट उतरवला. पाणी पार पलीकडच्या काठाला गेलं होतं, अलीकडे नुसती वाळू, मधे एक डोह. त्या डोहाच्या काठच्या खडकावर उभं राहून टोपलं उपडं केलं होतं, तो म्हणाला. आम्ही वाळू उकरली. मी हातांनी, तो काठीनं. शिंपले निघाले, मडक्याची खापरं निघाली, पितळेचा एक चेपलेला टाक निघाला, त्याच्यावरचा चेहरा पाण्यानं नेला होता. तो आमचा होता की दुसऱ्या कोणाचा, ते कळलं नाही. सगळ्यांनी इथंच टाकले होते. बापानं तो पाहिला आणि परत डोहात भिरकावला. त्याबद्दल त्याला जरासुद्धा विचार करावा लागला नाही.

डोहात एक ढिवर जाळं झटकत होता. बराच वेळ तो आमच्याकडे पाहत होता. शेवटी ओरडला, "काय हरपलं गा, भाऊ?"

बाप दम घेत होता, म्हणून मी काहीतरी सांगणार होते. पण त्यानं मला थांबवलं.

"टाकला होता येथी एक," तो म्हणाला. "आढ्याचा."

ढिवराला समजलं. या काठावर त्या वर्षी काय काय पाण्यात पडलं हे सगळ्या ढिवरांना माहीत आहे. तो मोठ्यानं हसला. "बुद्धाचे लोक अन् देव ढुंढून राह्यले? का गा, थकली का दीक्षा?"

"देव टाकला होता," बाप म्हणाला. "औजार ढुंढून राह्यलो."

ढिवर जाळं खांद्यावर टाकून पाण्यातून बाहेर आला आणि म्हणाला, "वारू दरसाल सरकते, भाऊ. जड वस्तू खाली खाली जाते अन् पूर आला का पुढं. आतापावतर मार्कंड्याले गेला असन तो." त्यानं आम्हाला बरं वाटावं म्हणूनच म्हटलं असेल. मला मात्र ते फार लागलं.

आम्ही ऊन चढेपर्यंत तिथं होतो. काही मिळालं नाही. घाटाच्या पायरीवर बसून बाप म्हणाला, "तुह्या पुस्तकात लिवशीन हे?"

"दाखवायला काही नाही, बा. लोक म्हणतील, यांनी घरचा देव मार्कंड्याला नेऊन जोडला. दैत्यांच्या गोष्टीसारखी आणखी एक गोष्ट."

"मंग नोको लिवू," तो म्हणाला. "आपुन झूट लिवत नाई."

मला त्याला सांगायचं होतं की तू चुकला नाहीस. पण ते त्याला माहीत होतं, आणि माहीत असूनही त्याचं ओझं हलकं होत नव्हतं. थोड्या वेळानं तो डोहाकडे पाहत म्हणाला, "आज बी टाकीन. मागंपुढं पाहनार नाई. पन टाकाच्या आंधी एकडाव हातात धरून इचारीन त्याले, बाबा, तू कोन होय?"

पुस्तिका निघाली. तिच्यात यात्रेकरूंची गर्दी आहे, नावाडी आहेत, वाळूत उभं राहणारी आमची माणसं आहेत, वीज आहे, कोंबड्याची थट्टा आहे. "ज्यांनी बांधलं" या मथळ्याखाली जेमतेम अर्धं पान. आमच्याविषयी त्यात काही नाही. गटातल्या एकानं म्हटलं, हे पान फिकं पडलंय, तुझा नेहमीचा आवाज लागला नाही. खरं होतं ते.

त्या पावसाळ्यात आमच्या घराची मागची भिंत खचली. दिवाळीनंतर बापानं ती स्वतःच चढवायला घेतली. दर थोड्या वेळानं दम खायला बसायचा, पण दुसऱ्याला हात लावू दिला नाही. सायकलचा एक जुना नट त्यानं अंबाडीच्या दोरीला बांधला आणि भिंतीच्या माथ्यावरून सोडला. मी विटा देत होते. नट फिरत होता, डोलत होता. बापानं एक डोळा मिटला. कोणी शिकवलं नसताना अगदी त्या गवंड्यासारखा.

"भिंतीले लागू देऊ नोको," तो मला म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला.

भिंत सरळ उभी राहिली. काम संपल्यावर आत्याबाईनं आतून गुळाचा खडा आणून बापासमोर धरला. ती चेष्टा करत होती की नाही, मला कळलं नाही. बापानं गूळ स्वतः खाल्ला. नट सोडून खिळ्यांच्या डब्यात टाकला. आणि दोरी हाताला गुंडाळत, ती उलगडत, पुन्हा गुंडाळत, ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत तिथंच बसून राहिला.